साठ पिशव्यांचे शिबिर

रायगडच्या किनाऱ्यावर रक्तदान शिबिराला निमित्ताची वानवा नाही. शिवजयंती झाली की आंबेडकर जयंती येते, मग पुढाऱ्याचा वाढदिवस, ईद-ए-मिलाद, गणेशोत्सव, गावच्या क्रिकेट संघाचा वर्धापनदिन, एखाद्या दिवंगत सरपंचाचे पुण्यस्मरण. उरणपासून श्रीवर्धनपर्यंत नाक्यानाक्यावर फलक लागतात. फलकावर सगळ्यात वर महापुरुष, मध्ये नेत्यांचे चेहरे, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून पासपोर्ट आकाराच्या फोटोंची रांग आणि शोधले तरच सापडेल अशा कोपऱ्यात रक्तपेढीचे नाव. ज्याने रक्तपेढीकडून तारीख घेतली, शाळेच्या हॉलची किल्ली आणली, आदल्या रात्री घरोघर फिरून माणसे कबूल करून घेतली आणि सकाळी पंखे चालतात की नाही ते पाहिले, त्याला या फलकावर बहुधा जागा नसते. रक्तदानाचा इतिहासही आपण फलकासारखाच लिहीत आलो आहोत. त्यात शास्त्रज्ञ असतात, न्यायालय असते, विक्रम असतात. हा माणूस नसतो. किनाऱ्यापुरते पाहिले तर हा इतिहास मुख्यतः त्याचाच आहे. रक्तदान इथे रुजले ते रुग्णालयांच्या जोरावर रुजले नाही, कारण रुग्णालये इथे कायम लांबच होती. गावाने एकत्र येऊन काम उरकण्याची जी जुनी सवय या पट्ट्यात होती, तिच्या आधाराने ते रुजले. ही सवय सोडून आपण आकड्यांच्या मागे लागलो, तिथे शिबिरे मोठी झाली आणि रक्त वाया जाऊ लागले.

जगाकडे पाहिले तरी सुरुवात अशाच एका माणसापासून होते. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट शोधले, त्यासाठी १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण गट ठाऊक झाले म्हणून रक्त मिळू लागले नाही. लंडनमध्ये १९२१ साली किंग्ज कॉलेज रुग्णालयाने रेडक्रॉसच्या कॅम्बरवेल शाखेकडे तातडीने रक्तदाता मागितला. शाखेचा सेक्रेटरी पर्सी ऑलिव्हर हा नगरपालिकेतला कारकून. तो काही सहकाऱ्यांना घेऊन गेला, त्यांतल्या एका परिचारिकेचे रक्त जुळले आणि तिथून एक सेवा उभी राहिली. ऑलिव्हरला वैद्यकातले शिक्षण नव्हते. त्याच्याकडे होती दात्यांची कार्डे, प्रत्येकाचा गट, पत्ता, मागच्या खेपेची तारीख आणि घरातला टेलिफोन, ज्यावर रात्री-अपरात्री त्याची बायको एथेल बसत असे. सरकारने त्याला सन्मान दिला होता तो आधीच, १९१८ मध्ये, बेल्जियन निर्वासितांच्या सेवेसाठी. ‘ब्लड बँक’ हा शब्द प्रचारात आणणारे शिकागोचे डॉ. बर्नार्ड फँटस १९३७ मधले. म्हणजे रक्त साठवणाऱ्या पेढीला हे नाव मिळण्याच्या सोळा वर्षे आधी माणसांची यादी ठेवणारा आला होता.

आपल्याकडे १९४२ मध्ये कलकत्त्यात युद्धाच्या गरजेतून रेडक्रॉसच्या देखरेखीखाली रक्तपेढी चालू झाली. मुंबईत विज्ञान बरेच पुढे गेले होते. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे मांडला, १९५७ मध्ये रक्तगटांचे संदर्भ केंद्र सुरू झाले आणि त्याचीच पुढे राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था झाली. पण स्वेच्छा रक्तदान ही लोकांची गोष्ट केली ती लीला मूळगावकर यांनी. १९५४ पासून त्यांनी मुंबईत शिबिरे भरवायला घेतली. रक्तपेढीत दाता येण्याची वाट न पाहता रक्तपेढी दात्यापर्यंत नेणे ही कल्पना आज साधी वाटते, पण तेव्हा रक्त म्हणजे विकत घेण्याची किंवा नातेवाइकांनी द्यायची वस्तू होती. १९६३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या काळी कुलाबा म्हटल्या जाणाऱ्या या जिल्ह्याचा बराचसा कर्ता पुरुषवर्ग मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि कारखान्यांत होता. म्हसळा, श्रीवर्धन, महाड, पोलादपूर इथल्या गावांच्या मुंबईत खोल्या होत्या, ग्रामस्थ मंडळे होती, वर्गणीच्या वह्या होत्या. कामाच्या ठिकाणी बाटलीभर रक्त देऊन चहा-बिस्कीट खाऊन पुन्हा मशीनवर उभा राहणारा माणूस धडधाकट राहतो, हे चाकरमान्याने डोळ्यांनी पाहिले. रक्त दिल्याने अशक्तपणा येतो ही गावची समजूत मोडायला सरकारी भित्तिपत्रकापेक्षा सुट्टीवर आलेल्या अशा माणसाचा शब्द अधिक उपयोगी पडला असणार.

तरीही १९९८ पर्यंत व्यवहार वेगळाच होता. धंदेवाईक रक्तदात्यांवर मोठ्या शहरांतल्या रक्तपेढ्या चालत. एचआयव्हीची तपासणी १९८९ मध्ये सक्तीची झाली आणि हा बाजार किती घातक आहे ते समोर आले. ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला. राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा त्यातून आल्या आणि १ जानेवारी १९९८ पासून विकतचे रक्तदान बंद झाले. शहरी वाचकाला हा निकाल रक्ताच्या शुद्धतेचा वाटतो. किनाऱ्याला त्याची दुसरी बाजू कळली. विकतचा दाता गेला की उरतो बदली दाता, म्हणजे ‘एक पिशवी न्या, एक माणूस आणा’. मुरूडहून किंवा दिघीहून बाळंतपणात अडलेली बाई अलिबागला, तिथून पुढे मुंबईला नेली, तर सोबत नवरा, सासू आणि फार तर एक दीर. नवऱ्याचे हिमोग्लोबिन कमी, सासूचे वय झालेले. बदली दात्याची अट मुंबईकराला अडचणीची होती. खाडीपलीकडून आलेल्याला ती पुरी करणेच अशक्य होते. श्रीवर्धनहून जिल्ह्याचे ठिकाण रस्त्याने शंभर किलोमीटरहून लांब, मध्ये राजपुरीची खाडी, आणि मुंबई-गोवा महामार्गाचे पनवेल-इंदापूर काम २०११ पासून वर्षानुवर्षे रखडलेले. अशा ठिकाणी रक्त आधीच पेढीत असणे हाच उपाय, आणि आधीच असायचे तर गावोगाव शिबिरे हवीत. त्यांची गरज या पट्ट्याला इतरांपेक्षा अधिक होती आणि ती भरवण्याचे कसबही इथे होते.

हे कसब कुठून आले ते पाहण्यासाठी खारजमिनीकडे जावे लागते. अलिबाग-पेणच्या खाडीकाठची भातशेती समुद्राकडून हिसकावून घेतलेली आहे. बाहेरचा बांध, त्याला गावाकडे बाहेरकाठा म्हणतात, उधाणाने फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची दोन-तीन वर्षे पीक नाही. खांड पडली की ती पुढच्या भरतीआधी बुजवायची असते. एकट्या शेतकऱ्याचे हे काम नाही, म्हणून घरटी माणूस देण्याची ‘जोळ’ पद्धत होती. कोणाच्या घरातून कोण आला, कोण चुकला, याचा हिशेब राही. १९४८ मध्ये खारजमिनींचा कायदा झाला, सरकारी मंडळ आले आणि हळूहळू जोळ मोडली. बांध मात्र त्यानंतरही फुटतच राहिले. याच मुलखात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी गावी शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांनी खोतांची शेती करायचे नाकारले आणि सुमारे सहा वर्षे ते निभावले. १९३७ मध्ये ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र निघाले ते याच चळवळीतून. भाषणांनी संप उभा राहतो, पण सहा वर्षे टिकतो तो प्रत्येक गावात कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे ठाऊक असणारा माणूस असतो म्हणून.

इथे आक्षेप येईल की बांध बांधणे कुठे, संप कुठे आणि रक्तदान कुठे. ही वंशावळ ओढूनताणून जोडलेली आहे. वंशावळीचा दावा इथे नाहीच. जोळीतल्या कोणी शिबिर भरवले असे म्हणणे नाही. काम कसे चालते, त्याच्या घडणीबद्दल हे म्हणणे आहे. तिन्ही कामांना ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, घरटी माणूस लागतो. तिन्ही कामांत मोबदला नाही. आणि तिन्ही कामे अशा एका माणसावर चालतात ज्याला गावातली सगळी घरे नावानिशी माहीत आहेत आणि ज्याच्याशी गाव खोटे बोलत नाही. ही घडण पुढे वेगवेगळ्या नावांनी वावरली. कोळीवाड्याची पंचकमिटी, मोहल्ल्याची जमात, गावकी, मुंबईचे ग्रामस्थ मंडळ, तरुणांचे मित्रमंडळ. रेवदंड्याचे उदाहरण सर्वांत मोठे. तिथल्या नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ पासून सुरू केलेल्या श्रीसमर्थ बैठकांचे जाळे राज्यभर पसरले आणि त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान आज वृक्षारोपण, स्वच्छता आणि रक्तदान शिबिरे करते. आठवड्याच्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी बसणारी माणसे. कोण आला, कोण नाही हे कळणारी रचना. शिबिराला याहून तयार पाया मिळणे कठीण. ज्यांना या संप्रदायाची शिस्त पसंत नाही ते म्हणतील की हे आज्ञापालन आहे, स्वेच्छा नव्हे. त्यात तथ्य आहे, आणि त्याकडे पुढे यावेच लागेल. शिवाय १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या शासकीय सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या श्रीसदस्यांपैकी, म्हणजे या बैठकांच्या अनुयायांपैकी, १४ जण दगावले, हेही विसरून चालणार नाही. गावातली बैठक आणि लाखोंचा मेळावा यांत माणसे तीच असतात, पण मेळाव्यात कोणाला चक्कर येते आहे हे पाहणारा शेजारी उरत नाही. शिबिरांना हाच नियम लागू आहे.

शिबिर केवढे असावे हे कायद्याने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे, पण ते वाचतो कोण. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘एफ’ परिशिष्टात हिशेब दिला आहे: तीन तासांत ५० ते ७० दात्यांचे रक्त घ्यायचे असेल, किंवा पाच तासांत १०० ते १२० जणांचे, तर सहा ते आठ टेबलांसाठी एक वैद्यकीय अधिकारी, दोन परिचारिका किंवा रक्त काढणारे कर्मचारी, दोन समाजसेवक, तीन तंत्रज्ञ आणि दोन मदतनीस. साठ दाते हे किनाऱ्यावरच्या मध्यम गावाचे माप आहे. आता उलट बाजूने मोजू. लोकसंख्येच्या एक टक्का पिशव्या लागतात हा ढोबळ आडाखा धरला, तर २०११ च्या जनगणनेतल्या २६ लाख ३४ हजारांच्या रायगडला वर्षाला सव्वीस हजार पिशव्या हव्यात. साठाच्या हिशेबाने ही सुमारे ४४० शिबिरे. जिल्ह्यात ग्रामपंचायती आठशेच्या घरात, म्हणजे प्रत्येकीला दोन वर्षांतून एक शिबिर. आणि पनवेलसारख्या शहराने आपला वाटा उचलला तर तेवढेही नाही. यात अशक्य काय आहे? याउलट मोठा विक्रम घ्या. २५ एप्रिल २०१० रोजी शिवसेनेने गोरेगावात एका दिवसात पंचवीस हजारांहून अधिक पिशव्या जमवल्या आणि गिनीजमध्ये नोंद झाली. त्यामागचे परिश्रम नाकारायचे कारण नाही. पण तांबड्या पेशी नेहमीच्या पिशवीत ३५ दिवस आणि वेगळे पोषकद्रव्य घातले तर ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स पाच दिवस. त्या दिवशीची ३५ दिवसांची पिशवी ३० मे उलटला की टाकाऊ, ती कितीही रक्तपेढ्यांत वाटली तरी. आणि ज्यांनी त्या दिवशी रक्त दिले ते पुरुष, आजच्या नियमाने, पुढचे ९० दिवस देऊ शकत नाहीत, बायका १२० दिवस. म्हणजे ऐन पावसाळ्याच्या तोंडाशी, डेंगी-मलेरिया आणि घाटातले अपघात सुरू होताना, पंचवीस हजार धडधाकट माणसे यादीबाहेर.

किनाऱ्यावरच्या कार्यकर्त्याला तारखेचे हे गणित शिकवावे लागत नाही, त्याच्याकडे वर्षाचे पंचांग आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, एरवी चार-चार दिवस समुद्रात असणारे तांडेल आणि खलाशी घरी असतात. कोळीवाड्याचे शिबिर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावे. १४ जूनचा जागतिक रक्तदाता दिन त्यात आपोआप येतो. आगरी शेतकऱ्याला मात्र मृग लागल्यावर फुरसत नाही, लावणी उरकेपर्यंत त्याचे नाव काढू नये. मोहल्ल्यात रमजानचे रोजे, इतरत्र नवरात्राचे उपास टाळावेत. आणि मे महिना. तेव्हा कॉलेजे बंद असल्यामुळे आणि मुंबईकर गावी गेल्यामुळे मुंबईत रक्ताचा तुटवडा पडतो. तेच मुंबईकर तेव्हा श्रीवर्धन-म्हसळ्यात आंब्याखाली बसलेले असतात. ग्रामस्थ मंडळाची वार्षिक सभा मे महिन्यात गावी होते, तिला जोडून शिबिर घेणारी मंडळे हा तुटवडा जिथे माणसे आहेत तिथे भरून काढतात. हे शहाणपण संगणकाने दिलेले नाही.

सर्वांत जड आक्षेप अजून बाकी आहे. गाव, जात, जमात, बैठक यांच्या जोरावर रक्त मागणे म्हणजे दबाव. जोळीला न येणाऱ्याला गाव जाब विचारत असे. रक्ताला ते चालणार नाही. रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या पुस्तकात मांडले की पैसे घेणारा दाता आपला आजार लपवतो, फुकट देणाऱ्याला लपवण्याचे कारण नसते. पण चारचौघांत नाव पुकारले जाणार असेल तर फुकट देणाऱ्यालाही ते कारण मिळते. गेल्या वर्षी कावीळ झालेला, किंवा कोणाला सांगता येणार नाही अशी जोखीम घेतलेला तरुण मित्रांच्या देखत ‘मी देणार नाही’ म्हणू शकत नाही. हेल्मेट, मिक्सर, कुकर अशी बक्षिसे ठेवणारे आयोजक तर या जखमेवर मीठच चोळतात. ती लाच आहे, तिला दुसरे नाव नाही. म्हणून चांगला कार्यकर्ता कोण हे पाहायचे असेल तर रक्त देणाऱ्यांच्या रांगेत न पाहता परत जाणाऱ्यांकडे पाहावे. टेबलावर निळ्या मोरचुदाच्या द्रावणाचे भांडे असते, त्याची घनता १.०५३ ठेवलेली. बोटातला थेंब त्यात सोडतात. पंधरा सेकंदांत तळाला गेला तर हिमोग्लोबिन साडेबारा किंवा वर. तरंगला, घुटमळला, तर दाता नापास. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांत रक्तक्षय आहे, हे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने सांगितले आहे. त्यामुळे मासळीबाजारातून वेळ काढून आलेल्या दहा जणींतल्या पाच-सहा जणींचा थेंब तरंगला तर नवल नाही. त्यांना हसत परत पाठवणे आणि नाव टिपून आरोग्य उपकेंद्रात लोहाच्या गोळ्या मिळतील असे पाहणे, ही दोन कामे जो करतो त्याच्या शिबिरात पिशव्या थोड्या कमी जमतात. पण रक्तदान करायला आलेल्या बाईला तिच्या आजाराची पहिली बातमी तिथेच मिळते. आणि कावीळवाल्या तरुणाला ‘तू जरा बर्फाच्या गाडीकडे बघ’ म्हणून रांगेतून कामाला लावणारा कार्यकर्ता जो करतो ते कोणत्याही तपासणी संचाला जमत नाही. गावाची ओळख दबावाला कामी येते तशीच ती आब राखायलाही येते. कोणत्या बाजूला वळेल हे त्या एका माणसावर आहे.

दुसरे कोणी म्हणेल, आता ॲप आहेत, यादीवाल्या माणसाची गरज काय? ई-रक्तकोश २०१६ पासून आहे, कोणत्या पेढीत कोणता गट किती आहे ते त्यावर दिसते, आणि तो उपयोगीच आहे. त्याआधी २०१४ मध्ये राज्याने १०४ क्रमांकावर फोन करताच रक्त पोचवणारी ‘जीवन अमृत’ योजना काढली होती. काही वर्षांत ती बंद झाली. यंत्रणा येतात आणि जातात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मुरूड, अलिबागचे विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे झोपले, कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. त्या वेळी पडद्यावरची माहिती कामाची नव्हती; ‘ओ निगेटिव्ह वरच्या आळीत कोण’ हे तोंडपाठ असणारा माणूस कामाचा होता. त्याच साली मोठ्या संस्थांनीही रूप बदलले. लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला आणि त्यात रक्तदान शिबिर चालवले. ते एका दिवसात उरकले नाही, उत्सवाच्या दिवसांवर पसरले. विक्रमापेक्षा हा धडा अधिक घेण्यासारखा.

मग या माणसाचे कौतुक करायचे कसे? शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह देऊन आपण मोकळे होतो, आणि कपाटावरच्या सन्मानचिन्हांवर धूळ बसते. काहींना तर कौतुकच नको वाटते. निःस्वार्थ कामाला हार घातला की ते बाटते, असे त्यांचे म्हणणे. पण कौतुक न केलेला कार्यकर्ता संन्यासी होत नाही, तो थकतो, आणि त्याची वही पुढच्या मुलाकडे जात नाही. त्याला हवी असते ती माहिती. त्याच्या शिबिराच्या साठ पिशव्यांपैकी किती वापरल्या, किती मुदतीबाहेर गेल्या, किती तपासणीत बाद झाल्या, हे कोणाचेही नाव न सांगता रक्तपेढीने महिन्याभरात त्याला कळवावे. पुढची तारीख त्याच्या गावाच्या सोयीने, त्याला विचारून ठरावी. आणि अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाच्या रक्तपेढीने दर डिसेंबरात किनाऱ्यावरच्या आयोजकांना एका दिवसासाठी बोलवावे, सत्कारासाठी नव्हे, वर्षाचा तक्ता मांडण्यासाठी: कोळीवाडे जूनमध्ये, मुंबईची मंडळे मेमध्ये, आगरी गावे भात झोडून झाल्यावर, कोणताही आठवडा रिकामा नाही आणि कोणताही तुंबलेला नाही. वाढदिवसाचे शिबिर घेणाऱ्या पुढाऱ्यांनीही त्या तक्त्यात आपली तारीख मागून घ्यावी. वाढदिवस महिनाभर पुढेमागे साजरा केल्याने आयुष्य कमी होत नाही. आणि पुढच्या फलकावर एक फोटो कमी करून, ज्याने यादी केली त्याचे नाव आणि त्या रक्तपेढीचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरात छापावा.